पानिपतच्या वर्षी जगात काय चालले होते

१७६१ म्हटले की मराठी माणसाच्या मनात एकच शब्द उमटतो. तो शब्द इतका जड आहे की त्याच्याखाली ते अख्खे वर्षच दबून गेले आहे. १४ जानेवारीच्या दुपारनंतर जे झाले ते आपल्याला घटकाघटकाने पाठ असते. पुढचे साडेअकरा महिने मात्र आपल्या स्मरणात नाहीतच. फार तर जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर सगळे आले, एवढे आठवते. पानिपतचा अर्थ नीट लावायचा असेल तर हे वर्ष सलग वाचायला हवे असे मला वाटते, आणि ते पुण्या-दिल्लीकडून वाचावे तसे समुद्राकडूनही वाचायला हवे. तसे वाचले की भारताचे पुढचे शतक ज्यांनी ठरवले, ते त्या वर्षी पानिपतच्या मैदानावर हजरही नव्हते, हे स्पष्ट दिसते.

सुरुवात जानेवारीच्या तीन दिवसांपासून करू. १४ तारखेला, बुधवारी, पानिपतला सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले. जनकोजी शिंदे, तुकोजी शिंदे, यशवंतराव पवार गेले. इब्राहिमखान गारदी पकडला गेला आणि मारला गेला. दुसऱ्याच दिवशी, १५ जानेवारीला, तिथून शेकडो कोस पूर्वेला, आजच्या बिहारशरीफजवळ मेजर कारनॅकच्या इंग्रज फौजेने आणि बंगालच्या नबाबाच्या सैन्याने मोगल बादशहा दुसऱ्या शाहआलमचा पराभव केला. बादशहाबरोबर जाँ लॉ हा फ्रेंच सरदार उरलीसुरली तुकडी घेऊन लढत होता. तो इंग्रजांच्या हाती सापडला. त्याच दिवशी दक्षिणेत पाँडिचेरीचा फ्रेंच सेनापती लाली याने शरणागती पत्करली आणि १६ जानेवारीला आयर कूटचे इंग्रज सैन्य शहरात शिरले. उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तीन दिशांचे निकाल तीन दिवसांत लागले. या तिन्ही रणांगणांवरच्या माणसांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

यातल्या मधल्या लढाईकडे आपले लक्ष जवळजवळ जात नाही, आणि मला तीच फार महत्त्वाची वाटते. शाहआलम कोण होता? त्याच्या बापाचा, दुसऱ्या आलमगीरचा, नोव्हेंबर १७५९ मध्ये वजीर इमादुल्मुल्कने खून करवला. दिल्लीत वजिराने दुसराच बादशहा बसवला, तेव्हा बिहारमध्ये असलेल्या या शहजाद्याने तिथेच स्वतःची द्वाही फिरवली. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी दिल्लीत वजिराचा बादशहा काढून शाहआलमच्या नावाची द्वाही फिरवली. पानिपत जिंकल्यावर अब्दालीनेही त्यालाच बादशहा म्हणून मान्य केले. म्हणजे पानिपतच्या दोन्ही बाजूंना जो बादशहा मान्य होता, तो बादशहा लढाईच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्याकडून हरला आणि काही दिवसांत कारनॅकच्या छावणीत पाहुणा म्हणून दाखल झाला. इंग्रजांनी त्याला मानाने पाटण्याला नेले. चार वर्षांनी, १७६५ मध्ये, याच बादशहाने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीला लिहून दिली. पुढे १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी त्याला दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवले, पण दिवाणी ती दिवाणी. बंगालचा महसूल तोवर कंपनीच्या तिजोरीत जाऊ लागला होता आणि त्या पैशावरच पुढच्या मोहिमा उभ्या राहिल्या.

पाँडिचेरीची गोष्ट अधिक ओळखीची आहे. इंग्रजांनी वेढा घातला तो १७६० च्या उत्तरार्धात. १ जानेवारी १७६१ ला बंगालच्या उपसागरात मोठे तुफान झाले आणि वेढा घालणाऱ्या इंग्रज आरमाराची काही जहाजे माणसांसकट बुडाली. शहरात उपासमार सुरू होती, तिथल्या लोकांना क्षणभर आशा वाटली असेल. पण उरलेली जहाजे आठवड्याभरात पुन्हा बंदरासमोर येऊन उभी राहिली. फ्रान्सकडून मात्र एकही जहाज आले नाही. पाँडिचेरी भुकेने पडली. इंग्रजांनी नंतर तिची तटबंदी पाडून टाकली. लालीला फ्रान्समध्ये परत गेल्यावर राजद्रोही ठरवले गेले आणि १७६६ मध्ये पॅरिसला त्याचा शिरच्छेद झाला. व्हॉल्तेअरने पुढे त्याच्या नावावरचा कलंक पुसण्यासाठी लेखणी चालवली.

याचा मराठ्यांशी काय संबंध? एक संबंध इब्राहिमखानाचा. त्याची कवायती पायदळ पद्धत आणि तोफखाना फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. बुसी आदल्या वर्षीच वांदिवाशला इंग्रजांच्या कैदेत पडला होता. फ्रेंचांकडून शिकलेले एक युद्धतंत्र एकाच आठवड्यात यमुनेकाठी आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावर हरले. दुसरा संबंध अधिक बोचरा आहे. पाँडिचेरी कोणी घेतली याचे खरे उत्तर ‘आरमाराने’ असे आहे. आणि मराठ्यांचे जे आरमार पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना पन्नास वर्षे झोप लागू देत नव्हते, ते आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जळाले. ते जाळले इंग्रजांनी, पण पेशव्यांशी करार करून. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरे. पण घरातल्या भांडणासाठी शेजाऱ्याच्या हाती कोलीत द्यावे असे ते झाले. माझ्या मते मराठी राज्याची अठराव्या शतकातली सर्वांत मोठी चूक पानिपतवर शोधू नये. ती विजयदुर्गच्या त्या खाडीत आहे. पानिपतचे नुकसान माधवराव आणि महादजींनी दहा वर्षांत बरेचसे भरून काढले. समुद्र पुन्हा कधीच हाती आला नाही.

पानिपत भरून निघत होते याच्या खुणा त्याच वर्षात दिसतात. अब्दालीच्या सैन्याचा पगार थकला होता, ते दिल्लीत राहायला तयार नव्हते. मार्चमध्ये तो परत फिरला, त्याआधी नानासाहेबांकडे सलोख्याचे पत्रही धाडले. जूनमध्ये सूरजमल जाटाने आग्र्याचा किल्ला घेतला. पानिपतहून पळालेल्या उपाशी, जखमी मराठ्यांना आपल्या मुलखात अन्नवस्त्र देणारा हाच सूरजमल. महाराष्ट्रावरचे त्याचे ते ऋण मोठे आहे. वर्षाच्या शेवटी शिखांनी लाहोर ताब्यात घेतले. नोव्हेंबरअखेर मल्हारराव होळकरांनी राजस्थानात मांगरोळपाशी जयपूरच्या माधोसिंगाचा पराभव केला, म्हणजे पानिपतला वर्षही झाले नव्हते. आणि दक्षिणेत श्रीरंगपट्टणला हैदरअलीने याच वर्षी म्हैसूरची सत्ता पक्की हातात घेतली. आपल्याच मर्जीतल्या, पण नंतर उलटलेल्या खंडेराव या कारभाऱ्याला त्याने पिंजऱ्यात कोंडले. पुढची वीस वर्षे पेशव्यांच्या कर्नाटकातल्या मोहिमा याच माणसाभोवती फिरल्या.

आता आकाशाकडे वळू, कारण त्या वर्षीची जगातली सर्वांत विलक्षण घटना ६ जूनला आकाशात घडली. शुक्र त्या दिवशी सूर्यबिंबावरून सरकत गेला. असे अधिक्रमण आठ वर्षांच्या अंतराने दोनदा होते आणि मग शंभराहून जास्त वर्षे होत नाही. एडमंड हॅलीने १७१६ मध्येच सांगून ठेवले होते की पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून या अधिक्रमणाच्या वेळा अचूक नोंदवल्या, तर सूर्य किती दूर आहे ते गणिताने काढता येईल. हॅली १७४२ मध्ये वारला. त्याचे सांगणे ऐकून १७६१ मध्ये शंभरावर निरीक्षक जगभर दुर्बिणी लावून बसले, आणि तेही सप्तवार्षिक युद्ध पेटलेले असताना.

युद्धाने त्यांना सोडले नाही. मेसन आणि डिक्सन हे दोघे इंग्रज जहाजाने सुमात्राकडे निघाले, तर इंग्लिश खाडीतच फ्रेंच जहाजाने त्यांच्यावर हल्ला केला, अकरा माणसे मेली. शेवटी त्यांनी केप ऑफ गुड होपलाच मुक्काम करून उत्तम नोंदी घेतल्या. फ्रेंच पिंग्रेकडे इंग्रज नौदलाचे परवानापत्र होते. तो हिंदी महासागरातल्या रोड्रिग्ज बेटावर गेला, निरीक्षण केले, आणि नंतर इंग्रज जहाजांनी त्या पत्राला न जुमानता बेटच लुटले. मॅस्केलिन सेंट हेलेनावर ढगांमुळे हात चोळत बसला. सैबेरियातल्या तोबोल्स्कला शाप दोतरोश पोहोचला. सेंट पीटर्सबर्गला लोमोनोसॉव्हने शुक्राच्या कडेशी प्रकाशाची झिलई पाहिली आणि शुक्राला वातावरण असले पाहिजे असा निष्कर्ष काढला. त्या दिवसाचे सर्वांत मोठे फळ मला हेच वाटते.

आणि ल जाँतीय. त्याची कहाणी कितीही वेळा वाचली तरी मन हेलावते. मार्च १७६० मध्ये तो पाँडिचेरीला अधिक्रमण पाहायला फ्रान्समधून निघाला. मॉरिशसला काही महिने अडकला, तिथून मार्च १७६१ मध्ये लढाऊ जहाजावर बसून भारताकडे आला. २४ मे रोजी मलबार किनाऱ्यावर माहेपाशी बातमी कळली की पाँडिचेरी जानेवारीतच पडली आणि माहेही गेले. जहाज मागे वळले. ६ जूनला आकाश स्वच्छ होते, शुक्र सूर्यावरून गेला, पण ल जाँतीय हेलकावणाऱ्या डेकवर उभा होता. तिथे वेळेची आणि ठिकाणाची अचूक नोंद होणे शक्य नव्हते. त्याच दिवशी मद्रासला विल्यम हर्स्ट या इंग्रजाने गव्हर्नरच्या वाड्यातून तेच अधिक्रमण निवांत पाहिले. ज्याच्या हाती बंदर, त्याला निरीक्षण. ल जाँतीय मात्र हटला नाही. पुढच्या अधिक्रमणासाठी आठ वर्षे पूर्वेतच थांबला, आणि ४ जून १७६९ ला पाँडिचेरीत नेमके ढग आले.

१७६१ च्या नोंदींतून निघालेले सूर्याच्या अंतराचे आकडे आपसात जुळले नाहीत, कारण शुक्र सूर्याच्या कडेला टेकतो त्या क्षणी त्याची काळी कड थेंबासारखी ओघळलेली दिसते आणि नेमकी वेळ सांगता येत नाही. तरी एका प्रश्नासाठी साऱ्या जगातून एकाच दिवशी मोजमाप घेण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. शत्रुदेशांतली माणसे आपापल्या वह्या एकमेकांना दाखवत होती, ही गोष्ट त्या रक्ताळलेल्या वर्षात मला फार दिलासा देणारी वाटते.

मोजण्याचा हा ध्यास त्या वर्षात जागोजाग दिसतो. समुद्रावर जहाजाचे रेखांश कळत नाहीत म्हणून ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यासाठी उभे आयुष्य घालवून चौथे घड्याळ तयार केले, आणि नोव्हेंबर १७६१ मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाकडे निघाला. ८१ दिवसांत घड्याळ अवघे पाच सेकंद मागे पडले. बक्षिसासाठी हॅरिसनला पुढे कितीतरी वर्षे झगडावे लागले, पण समुद्रावरचे अंदाजाने चालणे संपण्याची सुरुवात या प्रवासाने झाली. पाँडिचेरीसमोर तुफानानंतर परत येऊन उभी राहिलेली जहाजे आणि हे घड्याळ एकाच शक्तीचे दोन हात आहेत.

याच जानेवारीत, ४ तारखेला, कोपनहेगनहून एक लहानशी मोहीम अरबस्तानकडे निघाली. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेली ही मंडळी सैनिक किंवा व्यापारी नव्हती. त्यांत भाषापंडित, वनस्पतिशास्त्रज्ञ, वैद्य, चित्रकार होते, आणि कार्स्टेन नीबूर हा शेतकऱ्याघरचा तरुण नकाशे काढायला होता. येमेनच्या तापाने एकेक गळत गेला. १७६३ मध्ये नीबूर मुंबईला पोहोचला तेव्हा सोबत फक्त वैद्य क्रामर उरला होता, आणि तोही मुंबईतच वारला. एकटा नीबूर वर्षाहून अधिक काळ मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांत पुन्हा पुन्हा गेला, मापे घेतली, शिल्पांची चित्रे काढली. युरोपला घारापुरी प्रथम नीट दिसली ती त्याच्या पुस्तकातून. परतीच्या वाटेवर त्याने इराणात पर्सेपोलिसचे कीलाक्षरी लेख इतक्या काळजीने उतरवून घेतले की पुढे ती लिपी उलगडली गेली त्यात या प्रतींचा मोठा वाटा होता.

वैद्यकात त्या एका वर्षात दोन पुस्तके आली, दोन्ही लॅटिनमधली. व्हिएन्नात आउएनब्रुगरने छातीवर बोटांनी टकटक करून आतला रोग ओळखण्याची रीत सांगितली. तो खानावळ चालवणाऱ्याचा मुलगा. पिंपावर टकटक करून दारूची पातळी पाहण्याची चाल त्याने लहानपणी पाहिलेली होती. चाळीसेक वर्षे त्याच्या पुस्तकाकडे कोणी फारसे बघितले नाही. १८०८ मध्ये नेपोलियनच्या वैद्याने, कोर्व्हिसारने, ते फ्रेंचमध्ये आणले तेव्हा ते जगाला कळले. आज आपल्या गावातला डॉक्टरही तेच करतो. आणि पादुआच्या मोर्गान्यीने ७९ व्या वर्षी सुमारे सातशे शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिले की रोग शरीरातल्या विशिष्ट अवयवात घर करून असतो. त्याच वर्षी ७ एप्रिलला इंग्लंडमध्ये थॉमस बेज नावाचा धर्मोपदेशक वारला. त्याच्या कागदांत संभाव्यतेवरचे एक टिपण सापडले, मित्राने ते १७६३ मध्ये छापवले. आज संगणक ज्या गणितावर अंदाज बांधतात त्यातला मोठा भाग त्या टिपणाशी जोडलेला आहे.

गोव्याशी संबंध असलेली एक गोष्ट मराठी वाचकाने जरूर लक्षात ठेवावी. २ एप्रिल १७६१ ला लिस्बनहून एक राजाज्ञा निघाली: पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखातल्या ख्रिस्ती रयतेला, ती कोणत्याही वंशाची असो, पोर्तुगालात जन्मलेल्यांसारखाच मान आणि हक्क असतील. आज्ञेमागे पोर्तुगालचा प्रधान पोंबाल होता. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी ती दडपून ठेवली आणि १७७४ मध्ये पुन्हा बजावून सांगावी लागली. हिंदू रयत या आज्ञेच्या बाहेरच होती, हेही सांगितले पाहिजे. त्याच पोंबालने १९ सप्टेंबरला पोर्तुगालच्या भूमीवर उतरणारे नवे गुलाम मुक्त मानले जातील असा हुकूम काढला, ब्राझीलमधल्या गुलामांना मात्र हात लावला नाही. आणि दोनच दिवसांनी लिस्बनच्या चौकात मालाग्रिदा या वृद्ध जेझुइटाला धर्मन्यायालयाच्या निकालाने गळा आवळून मारण्यात आले. सुधारणा आणि क्रौर्य एकाच माणसाच्या कारभारात असे शेजारी शेजारी नांदत होते. फ्रान्समध्येही तुलूझला ऑक्टोबरमध्ये झाँ कालास या प्रॉटेस्टंट कापडवाल्याच्या घरात त्याच्या मुलाचे प्रेत सापडले. मुलगा कॅथलिक होऊ पाहत होता म्हणून बापानेच मारला, अशी हूल उठली आणि पुढच्या मार्चमध्ये कालासला चाकावर मोडून मारले. व्हॉल्तेअरने तीन वर्षे लढून त्याचे निर्दोषत्व सिद्ध करून घेतले.

युरोपातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लंडनमध्ये तिसरा जॉर्ज सप्टेंबरात गादीवर अभिषिक्त झाला, ऑक्टोबरात युद्ध जिंकून देणारा पिट राजीनामा देऊन बाहेर पडला. जुलैत मँचेस्टरला ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि तिथला कोळसा निम्म्याने स्वस्त झाला. संगीतकार हायडन १ मे रोजी एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत रुजू झाला. प्रशियाचा फ्रेडरिक वर्षाअखेर अगदी टेकीला आला होता, तोच रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली. तिच्या वारसाने तह केला आणि फ्रेडरिक वाचला. रशियाच्या पंचांगात ती तारीख २५ डिसेंबर १७६१ होती, उरलेल्या युरोपात १७६२ चा जानेवारी उजाडला होता.

आपल्याकडचे दोन मृत्यू. नानासाहेबांना पानिपतची पहिली खबर लागली ती माळव्यात, एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. २३ जूनला पुण्यात पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला, वय चाळीस. मुलगा आणि भाऊ एका दिवसात गेलेल्या माणसाचे दुःख मोठेच, पण कारभारी म्हणूनही त्यांच्याकडे पाहिले पाहिजे: मराठी सत्ता अटकेपर्यंत त्यांच्याच काळात गेली, विजयदुर्गाचे आरमारही त्यांच्याच काळात जळाले. आणि ९ डिसेंबरला साताऱ्याला ताराबाई वारल्या, वय ८६. शिवाजी महाराजांची ही सून. राजारामांच्या मागे सात वर्षे औरंगजेबाशी लढणारी, मग शाहूंशी, मग पेशव्यांशी. रामराजाला नातू म्हणून पुढे आणणारी आणि नंतर जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन तो आपला नातू नाही म्हणणारी. त्यांच्या हट्टाने राज्याचे नुकसानही झाले. तरी औरंगजेबापासून अब्दालीपर्यंत सगळे पाहिलेली अशी दुसरी व्यक्ती त्या डिसेंबरात महाराष्ट्रात उरली नव्हती. पानिपतच्या शोकात आपण हा मृत्यू विसरलो, याचे मला वाईट वाटते.

जन्मांपैकी दोन. १ डिसेंबरला स्ट्रासबूर्गला मारी ग्रोशोल्ट्झ जन्मली, पुढची मादाम तुसाँ, मेणाचे पुतळे करणारी. आणि १७ ऑगस्टला इंग्लंडमधल्या पॉलर्सप्युरी खेड्यात विल्यम केरी. वयात आल्यावर जोडे शिवणारा हा माणूस बंगालमध्ये आला, फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला आणि नागपूरकडच्या पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने श्रीरामपूरच्या छापखान्यात मराठीची पुस्तके काढू लागला. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश. मोडीचे खिळेही तिथेच पाडले गेले. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि पेशव्यांच्या राजधानीत एकही छापखाना नव्हता.